टिकल्यांचा नकाशा

आमच्या घरात गावाला पाणी पाजण्याचं काम तीन पिढ्यांचं. आजोबा पखालजी होते. बारवेत उतरायचं, चामड्याची पखाल भरायची, पाठीवर घ्यायची आणि बाजारात, लग्नात, चावडीवर पाणी पुरवायचं. अब्बांनीही तेच केलं. माझ्या वाट्याला पखाल आली नाही, ग्रामपंचायतीच्या टाकीची किल्ली आली. आमचं गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला. नदी ओलांडली की शिरूर तालुका. मी टाकी भरतो, वॉल्व्ह सोडतो, पाइप फुटला की बांधतो आणि पाण्यात टीसीएल टाकतो. सरकारी कागदावर मी जलसुरक्षक आहे. गावात मला पाणीवाले चाचा म्हणतात. पाणी उशिरा आलं तर आणखीही पुष्कळ म्हणतात, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, तुमच्या टाकीपेक्षा तुमचं डोकं लवकर भरतं. खोटं नाही ते. पुढं जे झालं त्यात या डोक्याचा वाटा मोठा आहे.

टीसीएल म्हणजे पाण्यातले जंतू मारायची पांढरी पावडर. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं आणि अर्ध्या तासानं गावाला पाणी सोडायचं. तिला वास येतो. त्या वासापायी मी आयुष्यभर बोलणी खाल्ली. "चाचा, आज चहा केला का औषध?" असं बाया नळावरून ओरडून विचारायच्या. डाळ शिजली नाही तरी माझी पावडर, केस गळले तरी माझी पावडर.

दुसऱ्या बाजूनं सिस्टरबाई. म्हणजे आमच्या उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका. माहेर शिरूरकडचं, अंगानं बारीक, आवाज कधी चढायचा नाही. दर आठवड्याला गल्लीतल्या शेवटच्या नळाखाली काचेची नळी धरायच्या आणि औषधाचे दोन थेंब टाकायच्या. पाणी पिवळं झालं तर पावडर पोचली, नाही झालं तर नाही पोचली. मला वाटायचं, बाईला माझ्यावर पाळत ठेवायलाच नेमलंय.

"चाचा, शेवटच्या घरचं पाणी पिवळं व्हत न्हाई."

"शेवटच्या घराला पाणीच पुरंना, बाई. पावडर कुठनं पुरायची?"

त्या हसायच्या आणि वहीत लिहायच्या. त्या लिहिण्याचाच मला राग यायचा.

एकदा दौंडला आम्हा पाणीवाल्यांचं प्रशिक्षण झालं. सिस्टरबाईही होत्या. एका डॉक्टरांनी सांगितलं की फार पूर्वी, लोक रोगराई दुर्गंधीमुळं होते असं मानायचे तेव्हा, विलायतेतल्या एका डॉक्टरानं पटकीनं मेलेल्या माणसांची घरं नकाशावर मांडली. सगळी घरं एका पंपाभोवती निघाली. मग त्या पंपाचा दांडाच काढून ठेवला. मी शेजारच्याला म्हणालो, आमच्या गावात पंपाचा दांडा काढा, बाया हंडे घेऊन डॉक्टरच्याच दारात बसतील. सगळे हसले. नंतर जेवणात पुरी-भाजी होती आणि मी ते सगळं विसरून गेलो. सिस्टरबाई विसरल्या नाहीत.

परतताना एसटीत त्या माझ्या शेजारच्या सीटवर होत्या. मला म्हणाल्या, "चाचा, दंड दाखवा बरं." मला काही कळेना. बाही वर केली. दंडावर देवी टोचल्याची जुनी खूण आहे, मोठी, गोल. मग त्या एकेक विचारत गेल्या आणि मी सांगत गेलो. माझ्या दादीच्या तोंडावर देवीचे वण होते, एक डोळा त्यातच गेलेला. अब्बांच्या दंडावर देवी टोचल्याच्या दोन खुणा, माझ्या दंडावर एक. माझ्या पोरीच्या दंडावर एकही नाही, कारण ती जन्मली तोवर तो रोगच जगातून गेला होता. तिला आहे ती क्षयाच्या लसीची बारीकशी खूण. दादी प्लेगचंही सांगायची. गावात उंदीर मरून पडायला लागले की अख्खं गाव माळावर झोपड्या घालून राहायचं. आणि अब्बांच्या घोट्यावर नारूचा वण होता. नारू म्हणजे पाण्यातून पोटात जाणारा आणि वर्षभरानं पायातून दोऱ्यासारखा बाहेर येणारा किडा. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सडायचा. पुढं सरकारी माणसांनी बारवेच्या पायऱ्या बंद करून कठडा बांधला आणि रहाट बसवला. पखाल भरायची अडचण झाली म्हणून अब्बांनी त्यांना महिनाभर शिव्या घातल्या. नारू गेला तो गेलाच, पण त्याचं श्रेय अब्बांनी कठड्याला कधी दिलं नाही.

"म्हंजी तुमचे अब्बा नारूचा पाय घिऊन पायरीवर पाण्यात उभं ऱ्हायचं, आन् तेच पाणी गावाला जायचं," सिस्टरबाई म्हणाल्या. वाईट हेतूनं नाही, नुसता विचार करत.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अब्बांच्या पाण्याला गाव गोड म्हणायचं, आणि ही बाई त्यात नारू शोधते. वरवंड गेलं, यवत आलं, मी खिडकीबाहेर बघत बसलो. पण त्या खरं बोलत होत्या हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणूनच राग आला होता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्याच गल्लीत लग्न निघालं. बागायतदार आप्पांची नात. आप्पा म्हणजे गावातलं वजनदार माणूस, पण स्वभावानं मोकळा. स्वतः टाकीपाशी आले.

"भाई, पाव्हणं पार शिरूरपासनं येत्यात. मठ्ठ्याला तुमच्या पावडरीचा वास आला तर आमची शोभा व्हईल. दोन दिस तेवढी पावडर राहू द्या."

मला नाही म्हणता आलं असतं. पण खरं सांगू का, मला बरं वाटलं. आजोबांच्या पखालीचं पाणी लोक लग्नात वाखाणायचे, तसं माझंही वाखाणतील असं वाटलं. दोन दिवस मी पावडर टाकली नाही. नोंदवहीची फिकीर नव्हती, कारण तीत मी आठवड्याच्या सह्या सोमवारीच करून ठेवायचो. 'पावडर टाकली', 'पावडर टाकली', खाली सही. पाण्याला कुणी नाव ठेवलं नाही. उलट एक पाव्हणा म्हणाला, काय गोड पाणी हाय तुमच्या गावचं. मी दोन दिवस मान ताठ करून हिंडलो.

तिसऱ्या दिवशी मांडव सुटला तेव्हा गल्लीच्या कडेला चिखल दिसला. उकरलं, तर मांडववाल्यांची लोखंडी मेख थेट माझ्या पाइपात घुसलेली, आणि शेजारी गटार. नळ चालू असताना अशा भोकातून पाणी बाहेर येतं. पाणी बंद केलं की पाइप रिकामा होतो आणि भोवतालची घाण आत ओढून घेतो. हे मला कुणी शिकवायला नको. मी मेख काढली, रबरी ट्यूब आवळून बांधली, माती लोटली. त्याच दिवसापासून पावडर सुरू केली आणि कुणाला काही बोललो नाही.

माझी पोरगी तेव्हा घरी होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात आली होती. जावई सणसवाडीला कंपनीत, तिथंच भाड्याच्या खोलीत राहतात. आप्पांची नात हिची शाळेतली मैत्रीण. लग्न चुकू नये म्हणून ठरल्यापेक्षा आठ दिवस आधीच आली. आमचं घर त्याच गल्लीच्या खालच्या टोकाला, मशिदीमागं.

महिना गेला आणि गावात कावीळ निघाली. आधी एक, मग एका घरात दोघं, मग रोज कुणीतरी. गावानं आपापलं कारण शोधलं. कुणी उन्हाळा म्हणालं, कुणी यवतच्या रस्त्यावरचा उसाचा रस म्हणालं, बहुतेकांनी लग्नातल्या आइस्क्रीमवर खापर फोडलं. सिस्टरबाई आणि गावातल्या आशा कार्यकर्त्या, म्हणजे आशाताई, दारोदार हिंडायला लागल्या. बाकी सगळे विचारत होते की काल काय खाल्लं. या बाई विचारत होत्या की महिन्यापूर्वी कुठं होता आणि पाणी कुठलं प्यालात.

एका दुपारी त्या टाकीपाशी आल्या.

"चाचा, ही कावीळ आज डोळ्यांत दिसती, पण अंगात शिरलेली असती महिना-सव्वा महिन्यामागं. मागं मोजत गेले की लग्नाचे दिवस येत्यात. तवा पाण्यात पावडर व्हती का?"

मी नोंदवही त्यांच्यापुढं आपटली. "वाचा. सह्या हायत्या. तीन पिढ्या या गावाला पाणी पाजतोय आम्ही. माझ्या पाण्यावर बोट ठेवायचं न्हाई, बाई."

त्यांनी ती पानं बघितली. एकाच शाईच्या, एकाच दमात केलेल्या सात सह्या. वही मिटून माझ्या हातात दिली. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

घरी येऊन मी बायकोला बजावलं, ती सिस्टर आली तर पोरगी झोपलीय म्हणून सांग. पोरीचं ताट तसंच पडलं होतं. चार दिवस तिला जेवणाचा वासही सहन होत नव्हता. बायको म्हणाली, पोटुशीला होतं असं. शेजारणीनं पोरीच्या तोंडाकडं बघून वेगळंच सांगितलं: रविवारी नदीपलीकडं घेऊन जा, तिथं एकजण चुन्याच्या पाण्यात हात बुडवून कावीळ उतरवतो, पाणी पिवळं होतं. ठरलं, रविवारी जायचं. तो दिवस गुरुवार होता. मी त्या चार दिवसांत पोरीच्या डोळ्यांत एकदाही नीट बघितलं नव्हतं. बघायचं टाळलं होतं.

शुक्रवारी सकाळी मी उपकेंद्रात गेलो ते भांडायला. गावात कुजबुज सुरू झाली होती की बाई पाण्याबद्दल विचारते. शेजारच्या खोलीत त्या एका बाळाला टोचत होत्या, म्हणून मी बाहेरच्या खोलीत थांबलो. भिंतीवर जुन्या कॅलेंडरची मागची बाजू चिकटवली होती. तिच्यावर स्केचपेननं आमचं गाव काढलेलं, घराघराचे चौकोन. आणि चौकोनांवर टिकल्या लावलेल्या. बाया कपाळाला लावतात त्या, पाकिटातल्या, लाल.

लाल टिकली म्हणजे कावीळ झालेलं माणूस, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. पण बघता बघता माझ्या तोंडचं पाणी पळालं. टिकल्या आप्पांच्या मांडवाच्या जागेपासून सुरू होत होत्या. वरच्या आळीत एखाददुसरी, ती लग्नाला आलेल्यांची. खालच्या अंगाला मात्र सलग. चिंचेपाशी वळत होत्या, दुकान सोडून पलीकडच्या बाजूला जात होत्या, मग खाली उतरत होत्या. माझा पाइप असाच जातो. चिंचेपाशी वळतो, दुकानाच्या पायाला खडक लागला म्हणून रस्ता ओलांडतो. तो चर मी खणलाय. जमिनीखाली काय आहे ते गावात मला एकट्याला ठाऊक. आणि या बाईनं एक फूटही न खणता, नुसतं दारात उभं राहून विचारून विचारून, माझा पाइप कागदावर काढला होता. मी भांडायला आलो होतो, आणि उभ्या जागी त्या बाईला मनातून हात जोडले.

मधे मधे चार-पाच टिकल्या हिरव्या होत्या. सिस्टरबाई हात पुसत बाहेर आल्या तेव्हा मी तेवढंच विचारलं, "हिरव्या कशाच्या?"

"पोटुशा बायांच्या. बाकीची माणसं या काविळीतनं बहुतेक बरी व्हत्यात, चाचा. पोटुशी बाई कवा कवा हाताला लागत न्हाई. म्हणून त्यांच्याकडं आधी जायचं. पण वाड्या-वस्त्या धरून सगळ्याच बघायच्या म्हटलं तर दोन-तीन दिस जात्यात. कुठली लाइन ते पक्कं कळलं असतं तर आजच झाल्या असत्या." मग जरा थांबून म्हणाल्या, "काल तुमच्या घरी आले व्हते. चाची म्हणाल्या, पोरगी झोपलीय."

मशिदीमागच्या शेवटच्या चौकोनावर हिरवी टिकली होती. ते माझं घर.

बाकावर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. मेख, भोक, गटार, ट्यूब, दोन दिवस पावडर नाही, आगाऊ सह्या. आता ही बाई मला काय काय बोलेल ते ऐकायची तयारी केली होती. मी तिच्या जागी असतो तर कानाखाली वाजवली असती. त्यांनी फक्त विचारलं, पाइप कुठल्या वारी बांधला. वार लिहून घेतला, पेन उचलून टिकल्यांमधून एक रेघ ओढली आणि पिशवी खांद्याला लावली.

"चला. आधी पोरगी."

दारातल्या उजेडात त्यांनी पोरीची खालची पापणी ओढून बघितली. मीही बघितलं. हळदीसारखं पिवळं. सिस्टरबाई बायकोला म्हणाल्या, दोन कपडे भरा, आणि फोन काढून ॲम्ब्युलन्स बोलावली. गाडी येईपर्यंत आशाताईला त्या रेघेवरच्या बाकीच्या हिरव्या घरांकडं पिटाळलं. मी गाडीत चढताना मला विचारलं, "त्या दोन दिसांत आणखी कोण पोटुशी या पाण्यावर व्हती? बाहेरनं आलेली?"

तेव्हा मला आठवलं. लग्नात भांडी घासायला आलेली एक बाई होती, दिवस गेलेली, हिंदी बोलणारी. तिचा ड्रम मीच भरून दिला होता. सणसवाडीला कुठंशी राहते, चाळीवर लाल टाकी आहे, एवढंच तिच्या तोंडून ऐकलं होतं. मी तेवढं सांगितलं.

त्या दुपारी सिस्टरबाई स्कूटीवर सणसवाडीला गेल्या. तिथं टाक्या काय थोड्या आहेत? खोल्याच खोल्या, आणि निम्मी माणसं कंपनीत. चाळीमागून चाळ विचारत हिंडल्या, "शादी में बर्तन माँजने गई थी, पेट से है." हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्या बाईनंच पुढच्या वर्षी दुसऱ्या लग्नात भांडी घासताना सांगितलं. तिचे डोळे साफ होते, तरी रक्त तपासायला लावलं आणि तिथल्या नर्सच्या हवाली करूनच त्या परत फिरल्या. ना ती बाई त्यांच्या हद्दीतल्या गावची, ना तालुक्याची.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात पोरगी तीन दिवस गुंगीत होती. हाक मारली तर डोळे उघडायची आणि मिटायची. शनिवार गेला, रविवार आला. त्या रविवारी आम्ही तिला नदीपलीकडं चुन्याच्या पाण्यात हात बुडवायला नेणार होतो. डॉक्टर म्हणाले, आज आणली असती तर मला काही सांगता आलं नसतं. मी वऱ्हांड्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून रडलो. अब्बा गेले तेव्हाही इतका रडलो नव्हतो. मंगळवारी तिनं पाणी मागितलं. पुढच्या आठवड्यात मुलगी झाली, वजनानं कमी, आवाजानं नाही. त्या रेघेवरच्या बाकीच्या हिरव्या घरांतही एकीची कावीळ अशीच लवकर सापडली, आणि तीही आई-बाळ सुखरूप घरी आली.

गावी परतलो ते आधी उपकेंद्रात गेलो. सिस्टरबाई रिपोर्ट लिहीत होत्या.

"माझं नाव लिवलं का?" मी विचारलं.

त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला. "यात माणसाचं नाव लिवायला रकाना न्हाई, चाचा. कारण लिवायला हाय." कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: पाइपला भोक, शेजारी गटार, दोन दिवस पावडर नाही.

मला ते सोसलं नाही. नाव असतं तर शिक्षा भोगून मोकळा झालो असतो. ग्रामसभेत मीच उभा राहिलो आणि सांगितलं की पावडर मी टाकली नाही आणि सह्या खोट्या होत्या. शिव्या बसल्या. खाल्ल्या. मग मागून आप्पा उठले आणि म्हणाले, "पावडर राहू द्या, असं म्याच म्हणलो व्हतो." त्या सभेत सिस्टरबाईंनी सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगितलं, गटाराजवळचा पाइप हलवायचा ठराव करून घेतला आणि बाळाला टोचायची वेळ झाली म्हणून उठून गेल्या. अर्ध्या गावाला आजही ठाऊक नाही की त्यांनी काय केलं. जी माणसं आजारी पडलीच नाहीत, ती आभार मानायला कशी येणार? मी मानतो. येता-जाता मानतो, नमाजात मानतो.

आता त्यांची बदली नदीपलीकडं झाली आहे. जाताना तो नकाशा मी मागून घेतला. पंपाच्या खोलीत, जिथं पावडरीची पिंपं आहेत, तिथं लावलाय. टिकल्यांचा गोंद सुटतो. लाल पडल्या तर मी पडू देतो. मशिदीमागची हिरवी दोनदा पडली, दोनदा फेव्हिकॉलनं चिकटवली. वहीत सही आता पावडर टाकल्यावरच करतो. मागच्या उन्हाळ्यात एक बागायतदार आला, दोन दिवस पावडरीचं तेवढं बघा म्हणाला. मी त्याला नकाशापुढं उभा केला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो निघून गेला. त्याच्या मठ्ठ्याला वास आला असेल.

नात आता शाळेत जाते. सुट्टीत सणसवाडीहून येते आणि माझ्यामागं पंपावर हिंडते. परवा नळाखाली ओंजळ धरून प्यायली आणि नाक मुरडलं. "नाना, तुमच्या पाण्याला वास येतो."

"येऊ दे," मी म्हणालो.

मग तिचं लक्ष नकाशाकडं गेलं. चवड्यांवर उभी राहून तिनं मशिदीमागच्या चौकोनाला बोट लावलं. "इथल्या सगळ्या लाल आणि ही हिरवी. ही कुणाची?"

"तुझी."

तिला ते खरं वाटलं नाही. मग म्हणाली, माझी असेल तर काढून मला लावा.

मी म्हणालो, न्हाई बेटा, ती तिथंच राहू दे. आणि ती पुन्हा सुटू नये म्हणून अंगठ्यानं दाबून बसवली.